चांदीचे रिकामे ताट

चांदीचे ताट कितीही लखलखीत असले, तरी पोट भरते ते त्यात वाढलेल्या पदार्थांनीच. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कुणाला सांगावी लागू नये. पण मोठमोठ्या कारखानदारांनाही तिचा विसर पडतो, असे माझा भाचा म्हणतो. तो व्हिडिओ गेम तयार करतो. माझी मजल पत्ते आणि कॅरम यांपुढे कधी गेली नाही. म्हणूनच की काय, त्याच्या धंद्यातल्या गोष्टी मी त्याला खोदून खोदून विचारतो.

त्यातलीच एक 'प्लेस्टेशन ३'ची. सोनी कंपनीचे हे यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आले. अमेरिकेत त्याच्या भारी नमुन्याची किंमत होती ५९९ डॉलर! मायक्रोसॉफ्टचे 'एक्सबॉक्स ३६०' वर्षभर आधीच दुकानांत आले होते, आणि त्याचा भारी नमुना ३९९ डॉलरांना मिळत होता. साहजिकच सोनीकडे गिऱ्हाईक थोडे. गिऱ्हाईक थोडे म्हणून खेळ करणारे नाखूश, आणि खेळ थोडे म्हणून नवे गिऱ्हाईक येईना.

त्यात यंत्राचे पोट विलक्षण. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेल्या त्याच्या 'सेल' प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि त्याच्या हाताखाली सात चपळ मदतनीस. पैकी एक यंत्राच्या घरकामाला. खेळासाठी उरले सहा. प्रत्येकाजवळ स्मृती फक्त २५६ किलोबाइट.

दिवाळीच्या फराळाला सहा सुगरणी बसल्या आहेत, अशी कल्पना करा. हात विजेसारखे चालतात. पण प्रत्येकीपुढे एकच लहानशी वाटी, आणि कोठीतून कुणी आपण होऊन काही आणायचे नाही. कुणाच्या वाटीत केव्हा काय पडेल आणि झालेला जिन्नस केव्हा उचलला जाईल, याचा हिशेब खेळ लिहिणाऱ्याने आधीच मांडून ठेवायचा. जरा चुकले की सहाही जणी हात बांधून बसतात!

"मग तुम्ही लोक कष्टाला भिता, असंच ना?" मी विचारले.

"नाही मामा," तो म्हणाला. "कठीण आहे म्हणून कुणी पळत नाही. पण दोन-तीन वर्षं घाम गाळायचा, माणसांचे पगार द्यायचे, आणि खेळ घ्यायला घरंच नसली तर?"

यावर मला उत्तर सुचले नाही.

व्हॉल्व्ह कंपनीच्या गेब न्यूएल यांनी २००७ मध्ये या यंत्रावर जाहीर टीका केली होती. तेच गृहस्थ २०१० मध्ये सोनीच्या व्यासपीठावर आले आणि 'पोर्टल २' या यंत्रावरही येईल, असे सांगून गेले. मधल्या काळात, २००९ मध्ये, किंमत २९९ डॉलरांवर उतरली होती. गिऱ्हाईक वाढले होते. सुगरणींना राबवण्याची हातोटीही लोकांना साधली होती. पुढे ही यंत्रे आठ कोटींहून अधिक खपली.

तरीही २०१३ मध्ये 'प्लेस्टेशन ४' आले ते घरगुती संगणकाच्या जातीचा, सर्वांच्या ओळखीचा प्रोसेसर घेऊन, ३९९ डॉलरांत. सोनीचा हा शहाणपणा मला त्या अचाट 'सेल'पेक्षाही मोठा वाटतो. विद्वानांचे, श्रीमंतांचे आणि यंत्रांचे एकच आहे. आपले सामर्थ्य दाखवून माणसे दिपतात. पण ती घरात येऊन बसावीत असे वाटत असेल, तर उंबरठा थोडा खाली घ्यावा लागतो.