नंबर तोच, भाग निराळा

मुलांच्या हातात लायसन्स आलं की आपल्या मंडळींच्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते : आता याला (किंवा हिला) गाडी कुठली घ्यायची? आम्ही पडलो डेट्रॉइटच्या आसपास राहणारे, गाड्यांच्या धंद्यावर पोट भरणारे इंजिनिअर. त्यामुळे पॉटलकला हातात ताट असतानाच हा प्रश्न आमच्यावर येऊन आदळतो. होंडा की टोयोटा? मैल किती झालेत? आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं असेल ना? पण "या गाडीचा एखादा रिकॉल राहिलाय का?" असं आजवर कुणी विचारल्याचं आम्हाला आठवत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

गाडीत जिवाला धोका होईल असा दोष निघाला, तर कंपनीने मालकाला पत्राने कळवून तो फुकट दुरुस्त करून द्यायचा, याला रिकॉल म्हणतात. अमेरिकेत याची मुळं १९६६ च्या कायद्यात आहेत. दोष आहे असं ठरलं की कामाच्या पाच दिवसांत कंपनीने सरकारी खात्याला, म्हणजे एन.एच.टी.एस.ए.ला, कळवायचं आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्रं धाडायची. कागदावर सगळं झकास. सगळी मेख आहे ती 'ठरलं की' या दोन शब्दांत. ठरवायचं कुणी आणि कधी?

यासाठी आमच्या गावचीच गोष्ट सांगतो. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन या स्वस्तातल्या छोट्या गाड्या. कॉलेजला जाणाऱ्या मुलांना घेऊन द्याव्यात अशाच. त्यांच्या इग्निशन स्विचमध्ये एक इवलीशी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला एक खुंटी असे. किल्ली जागची हलू नये हे त्या जोडीचं काम. किल्ली फिरवायला निदान १५ न्यूटन-सेंटिमीटर जोर लागावा असं कंपनीचंच स्पेसिफिकेशन होतं. प्रत्यक्षात स्विच त्याहून बराच ढिला होता, आणि हे ठाऊक असूनही २००२ साली तो मंजूर झाला. मग रस्त्यातल्या खड्ड्याने, गुडघ्याच्या धक्क्याने, जड जुडग्याच्या वजनाने किल्ली मागे सरके. (आपल्या जुडग्यात घराची, गराजची, शेजाऱ्यांची अशा सगळ्या किल्ल्या आणि शिवाय पितळी गणपती!) किल्ली सरकली की चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि सर्वांत वाईट म्हणजे एअरबॅगचा वीजपुरवठा बंद. गाडी आदळली तरी एअरबॅग उघडत नसे.

तक्रारी सुरुवातीपासून येत होत्या. पण गाडी बंद पडली तरी वळवता येते, थांबवता येते, तेव्हा ही ग्राहकाच्या 'सोयी'ची बाब, सुरक्षिततेची नव्हे, असं कंपनीने धरलं. २००५ च्या डिसेंबरात डीलरांना सूचना गेली : गिऱ्हाइकाला जुडग्यातलं जड सामान काढायला सांगा.

पुढचा भाग वाचताना इंजिनिअर म्हणून आमच्या पोटात गोळा येतो. २००६ साली स्प्रिंग आणि खुंटी गुपचूप बदलून लांब केली. स्विच सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. आमच्या धंद्यात हे पाप आहे. भागाचं काम बदललं की नंबर बदलायचा, हे पहिल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव तेव्हा सगळ्या पेपरांत आलं, इथे नको. परिणाम असा झाला की एअरबॅग न उघडण्याचे अपघात नव्या गाड्यांत एकाएकी का कमी झाले, हे कंपनीच्याच तपासनिसांना उलगडेना. कागदोपत्री तर स्विच तोच होता!

कोडं सुटलं ते बाहेर, जॉर्जियातल्या एका खटल्यात. मुलीच्या मृत्यूबद्दल आईवडिलांनी दावा लावला होता. त्यांच्या वकिलांनी नेमलेल्या इंजिनिअरने त्याच नंबरचा नवा स्विच विकत आणला, दोन्ही उघडून शेजारी ठेवले, आणि आतली खुंटी लहान-मोठी निघाली. २०१३ साली ही गोष्ट साक्षींत आली, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाला. जुने स्विच त्याच नंबराखाली सुट्या भागांच्या दुकानांतही गेलेले असणार, त्यामुळे मार्चमध्ये २००८ ते २०११ च्या मूळच्या निर्दोष गाड्याही परत बोलवाव्या लागल्या. एकूण सुमारे २६ लाख. काँग्रेसच्या सुनावणीत स्विच सुधारण्याचा खर्च दर गाडीमागे ५७ सेंट सांगितला गेला. मृत्यू १३, असा कंपनीचा सुरुवातीचा हिशोब होता. भरपाई निधीने अखेर १२४ मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरवर तडजोड केली. तुरुंगात कुणी गेलं नाही.

कंपनीनेच नेमलेल्या वकिलाच्या अहवालात 'जीएम नॉड'चा उल्लेख आहे. मीटिंगमध्ये सर्वांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कुणीच काही करायचं नाही. वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ही मान आम्ही इतरत्रही पाहिली आहे, मंडळाच्या कार्यकारिणीतसुद्धा! शिवाय २००८ च्या एका प्रशिक्षणात रिपोर्टमध्ये 'डिफेक्ट' लिहू नका, 'डिझाइनप्रमाणे चालत नाही' असं लिहा, हेही शिकवलं होतं. शब्द मऊ केले की दोष वर पोचेपर्यंत दोष राहतच नाही.

हे झालं कंपनीचं. पण पत्र निघालं तरी ते आपल्यापर्यंत यायला हवं. ते नोंदणीच्या पत्त्यावर येतं, आणि आपण अपार्टमेंटं बदलत हिंडतो. पुण्यामुंबईहून एम.एस.ला आलेली चार मुलं मिळून एक जुनी गाडी घेतात. ती कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर, देव जाणे. भाड्याच्या गाड्यांच्या बड्या कंपन्यांना रिकॉल बाकी असलेली गाडी देण्याची २०१६ पासून बंदी आहे. पण जुनी गाडी विकणाऱ्याला केंद्राच्या कायद्याने तशी बंदी नाही. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अ‍ॅक्युरा गाड्यांतल्या ताकाता एअरबॅगा तर इतक्या धोकादायक आहेत की दुरुस्तीपर्यंत त्या गाड्या चालवूच नका असं सरकारने बजावलं. अशी गाडीही हातोहात विकली जाऊ शकते.

भारतात रिकॉल बराच काळ कंपन्यांच्या मर्जीवर होता. सक्तीचा अधिकार सरकारकडे आला तो २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने. तेव्हा आईबाबांच्या गाडीसाठी डीलरकडे आपला दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला मोबाइल नंबर तर दिलेला नाही ना, तेही एकदा पाहावं.

बाकी काम पाच मिनिटांचं आहे. समोरच्या काचेच्या खाली, ड्रायव्हरच्या बाजूला, १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर असतो. तो एन.एच.टी.एस.ए.च्या वेबसाइटवर घालायचा, काय बाकी आहे ते कळतं. सर्वसाधारणपणे १५ वर्षांपर्यंतच्या गाडीची दुरुस्ती फुकट करून देणं कंपनीला बंधनकारक आहे, मग गाडी तुम्ही कुणाकडून का घेतलेली असेना. डीलर म्हणेल, भाग आलेला नाही. नाव लिहून घ्यायला सांगा आणि दर महिन्याला फोन करा. ताटात पुरणपोळी असताना आम्हाला विचारायला येण्याआधी एवढं करून या, मग होंडा की टोयोटा ते निवांत बोलू.