नोंदीत न आलेला अंधार

2005 ते 2012 या काळात अमरावती-अकोल्याकडे जे शाळा-कॉलेजात होते, त्यांच्या घरातली सगळी कामं लाईनच्या वेळा पाहून व्हायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि ते कात्रण देवघराशेजारी चिकटवलेलं असायचं. लाईन असेतोवर आई मिक्सरवर चटणी वाटून घ्यायची, बाबा मोटर लावून टाकी भरायचे, ताई सगळ्यांच्या इस्त्रीचं उरकायची.

अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला त्यांना जास्त सांगायला नको. पारा पंचेचाळिशीच्या पुढे आणि कूलर बंद. मग वाळ्याच्या ताट्यांवर तांब्या-तांब्यानं पाणी मारायचं आणि लहानग्यांना आजीनं पदरानं वारा घालायचा. रात्री बाजा अंगणात निघायच्या. "आली का वं लाईन?" असं पलीकडच्या गच्चीवरून कुणीतरी विचारायचं. समोरच्या गल्लीचं फीडर वेगळं होतं. तिकडे उजेड असला की बारावीची पोरं पुस्तकं घेऊन त्यांच्या ओसरीत जाऊन बसत. त्या घरची काकू न विचारता सगळ्यांसाठी चहा टाकायची. आमच्यापैकी कितीतरी जणांचा अभ्यास अशा दुसऱ्यांच्या दिव्याखाली झाला.

खेड्यातले हाल वेगळे होते. शेतीला थ्री फेज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास, अशी पाळी लागे. रात्रपाळी आली की आमचे मोठेबाबा ऐन थंडीत हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जात. सापाचं, रानडुकरांचं भय होतंच. बॅटरीचा उजेड परत येताना दिसेपर्यंत घरातल्या बाया जाग्या असायच्या.

आणि वीज तयार होत होती ती आमच्याच उशाशी. शेगावहून अकोल्याला येताना गाडीतून पारसच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिथं 1961 पासून वीजनिर्मिती आहे. 250 मेगावॅटचे नवे संच 2008 आणि 2010 साली सुरू झाले. पण केंद्र जवळ म्हणून वीज आधी आपल्याला, असं नसतं. ती राज्याच्या जाळ्यात जाते. तुटवडा असला की कुठली फीडर किती वेळ बंद ठेवायची हे ठरायचं त्या फीडरवरच्या गळती आणि वसुलीवरून. आकडे टाकणाऱ्यांच्या वस्तीत राहणाऱ्या, दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरणाऱ्या घरालाही तेवढाच अंधार मिळे. तो अन्याय होता, असं मला आजही वाटतं.

हे आता आठवायचं कारण आहे. राज्याला उद्या किती वीज लागेल याचा अंदाज पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी, दिवसाच्या 96 भागांत बांधावा लागतो. नवी मुंबईत ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे, तिथून मागणी-पुरवठ्याचा तोल सांभाळला जातो. त्यात आता सौरऊर्जा वाढली, ढग आला की निर्मिती उतरते. आणि वऱ्हाडात एक चांगला पाऊस पडला की हजारो कृषिपंप एकदम थांबतात. हा हिशेब माणसाच्या आवाक्याबाहेर चालला आहे. म्हणून अंदाज बांधायला, रोहित्र जळण्याआधी इशारा द्यायला कृत्रिम बुद्धिमत्ता हवीच. मी तिच्या बाजूचा आहे. मोठेबाबांच्या पुढच्या पिढीला दिवसा ओलित करता यावं म्हणून कृषिफीडर सौरवर आणण्याची योजना चालू आहे, तिलाही ही मदत लागेल.

पण ही बुद्धी शिकते मागच्या नोंदींवरून. आमच्या गावाच्या त्या वर्षांच्या नोंदींत मे महिन्याच्या दुपारी विजेचा वापर शून्य दिसेल. गरज होती, लाईन नव्हती. भारनियमनात कापलेली वीज मिळवून मागणी धरण्याची रीत अभियंत्यांना ठाऊक आहे. तरी लाईन राहत नाही म्हणून ज्या आईनं कूलर घेतलाच नाही, ज्या शेतकऱ्यानं गहू सोडून कोरडवाहू तूर पेरली, त्यांची मागणी कुठल्या आकड्यात धरणार? नोंदीतला तो वापरच खरी मागणी मानून उद्याची रोहित्रं आणि तारा आखल्या, तर ज्यांना तेव्हा कमी मिळालं त्यांना पुढेही कमीच मिळेल, आणि यावेळी ते गणितानं सिद्ध झालेलं असेल.

गावोगावच्या उपकेंद्रांत ऑपरेटर दर तासाला लॉगशीट भरत. कुठली फीडर किती वाजता बंद केली, किती वाजता सुरू केली, हे त्यात पेनानं लिहिलेलं असे. असे कागद जिथं उरले असतील तिथं ते रद्दीत घालू नका. नव्या यंत्रणेला शिकवायला बसाल तेव्हा त्या कागदांसोबत जुन्या लाईनमनला आणि त्या काळी घर चालवलेल्या बायकांनाही बोलवा, आणि किती वीज वापरली हे विचारण्याआधी किती हवी होती ते विचारा.