पुढे चाल

परवा नातू मोबाइलवर ती पिंजऱ्यातली मारामारी बघत बसला होता. एमएमए म्हणतात तिला. मी नाक मुरडत शेजारी टेकलो आणि तासभर उठलोच नाही (हे आमच्या सौ.ना कळवू नये). नातू म्हणाला, "आजोबा, खरी चुरस सत्तर किलोच्या आसपास असते. तिथं पहिल्यात आणि दहाव्यात फारसा फरक नाही. हेवीवेटला माणसंच कमी." ब्रॉक लेस्नर नावाचा धिप्पाड गडी तर २००८ साली आपल्या चौथ्याच लढतीत त्या गटाचा विजेता झाला.

मी म्हटलं, बाळा, हे मला १९८६ सालीच कळलं होतं.

त्या वर्षी शाळेचं कुस्तीचं पथक शेवगावला तालुका स्पर्धेला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा मास्तर, म्हणजे मोकळाच! वजनकाट्यापाशी हलक्या गटांत ही झुंबड. आमच्या भागातली कापूस वेचणारी, काटक पोरं. सगळ्यांत वरच्या गटात मात्र जेमतेम तीन नावं.

माझ्याबरोबर दोघं होते. एक दुकानदाराचा मुलगा, अंगानं चांगला भरलेला, पण जन्मात कधी लांग चढवली नव्हती. दुसरा ऊसतोडणीवाल्याचा. अंगात नुसती वीज. शाळेचं एखादं तरी नाव जिल्ह्याला जावं म्हणून पहिल्याला मी वरच्या गटात घातलं. एक पोरगा आलाच नाही, दुसरा वजनात बसला नाही. आमच्या पठ्ठ्याला 'पुढे चाल' मिळाली. अंगाला माती न लागता गडी जिल्ह्याला! दुसऱ्यानं तीन कुस्त्या मारल्या आणि चौथीत गुणांवर हरला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी दुकानदाराच्या मुलाला पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या. तो दुसराही रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. पुढे तो तालमीत दिसेनासा झाला. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेला. मी चौकशी केली नाही.

आपल्याकडे गर्दी कुठे आणि मान कुठे, ते बघा. यात्रेतल्या हगाम्यात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, आणि इनाम शेवटच्या मोठ्या जोडीला. २०२५ साली नगरला वाडिया पार्कवर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. किताब अर्थातच वरच्या गटाचा. त्यापायी सत्तर किलोच्या हाडापेराची पोरं दूध-बदाम-तूप खाऊन वजन वाढवतात, आणि बाप जमीन गहाण टाकतो. उलट ऑलिंपिकमध्ये कुस्तीत भारताला आजवर मिळालेली सगळी पदकं ६६ किलो किंवा त्याखालची आहेत. १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधव ५७ किलोत, २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतही ५७ किलोतच. आमच्या शेजारच्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्णसुद्धा त्याच वजनाचं. जिथं दहाजणांना चीत केल्याशिवाय तालुका ओलांडता येत नाही, तिथलाच गडी परदेशात टिकतो, असं आपलं माझं मत. जाणकारांनी चूक दाखवावी.

असो. गेल्या वर्षी आठवडे बाजारात एक पन्नाशी ओलांडलेला माणूस पाया पडला. तोच ऊसतोडणीवाल्याचा. त्यानं ओळख दिली तेव्हा कुठं ओळखलं. मी म्हटलं, "अरे, तू थोडक्यात हरलास त्या वेळी."

"थोडक्यात कसलं सर, तो पोरगा भारी होता. तोच पुढं जिल्ह्यात पहिला आला. अजून फोन असतो त्याचा." मग हातातली मेथीची जुडी खाली ठेवून त्यानं भर बाजारात मला तो डाव करून दाखवला. तो पट कसा काढला, हा कसा निसटला, शेवटी कुठं चुकला. म्हणाला, "तुम्ही कडेलाच होता ना सर? बघितली असंल की तुम्ही."

मी मान हलवली. खरं म्हणजे त्या वेळी मी टेबलापाशी दुकानदाराच्या मुलाचा जिल्ह्याचा फॉर्म भरत होतो.