कुतुबनुमा

मला क्रिकेट फारसे आवडत नाही असे सांगितले की शाळेतले सहकारी हसतात. मग कोणता खेळ आवडतो, असे विचारतात. मी ‘ओरिएंटियरिंग’ म्हणते, तेव्हा हसणे थांबते आणि हे काय नवीन, अशा नजरेने सगळे पाहू लागतात. खेळ तसा साधा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी जंगलात शिरायचे. नकाशावर वर्तुळाने दाखवलेली ठिकाणे ठरलेल्या क्रमाने गाठायची आणि कमीत कमी वेळात बाहेर पडायचे. प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या-नारिंगी रंगाची कापडी खूण टांगलेली असते. दोन खुणांच्या मधली वाट मात्र कुणी आखून देत नाही. ती ज्याची त्याने शोधायची.

मी दौंडची. अब्बा रेल्वेत होते. आमच्या जंक्शनातून एक लाईन पुण्याला, एक सोलापूरकडे, एक मनमाडला आणि एक बारामतीला जाते. फलाटावर उभे राहून कोणती गाडी कुठल्या दिशेला जाईल हे ओळखणे हा आम्हा भावंडांचा खेळ होता. पुढे बी.एड. करून शिरूरला उर्दू माध्यमाच्या शाळेत लागले. भूगोलाच्या तासाला शुमाल, जुनूब, मशरिक, मगरिब घोकून घेताना वाटायचे की मुलांना शब्द येतात, दिशा येत नाही. होकायंत्राला उर्दूत कुतुबनुमा म्हणतात. कुतुब म्हणजे ध्रुव, तो दाखवणारा. या कुतुबनुम्याचा मुलांना उपयोग तरी काय सांगावा, हे शोधता शोधता मी या खेळापाशी पोचले.

‘ओरिएंटियरिंग’ हा शब्द 1886 च्या सुमारास स्वीडनच्या लष्करात रुजला. सर्वांसाठी खुली पहिली स्पर्धा 1897 मध्ये नॉर्वेत झाली. 1961 साली दहा देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि 1990 पासून वीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची ज्युनिअर जागतिक स्पर्धा सुरू झाली. पहिली स्पर्धा स्वीडनमधल्या एल्महुल्ट गावी भरली. एका देशाला जास्तीत जास्त सहा मुलगे आणि सहा मुली पाठवता येतात. सहाला सहा, हे मला फार आवडले.

डेन्मार्कच्या सिल्केबोर्गला 2019 साली ही स्पर्धा झाली, तेव्हापासून मी ती पाहते. 2020 साली कोरोनामुळे ती झाली नाही, तर मला चुकल्याचुकल्यासारखे झाले. 2024 ला ती झेक देशातल्या पिल्झेनजवळ होती, 2025 ला इटलीच्या ट्रेंटिनोत. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. शाळेच्या वेळेत मोबाईल उघडता येत नाही, म्हणून संध्याकाळी भाकरी झाल्यावर निकाल बघायला बसते. जंगलात गेलेली मुले दिसत नाहीत, मग यात बघायचे काय, असे सासूबाई विचारतात. धावणाऱ्याच्या अंगावर जीपीएस असते आणि नकाशावर प्रत्येकाचा एकेक रंगीत ठिपका सरकत असतो. नकाशात पांढरा रंग म्हणजे सहज धावता येईल असे जंगल, गर्द हिरवा म्हणजे दाट झाडी, पिवळा म्हणजे मोकळे रान, आणि तपकिरी रेषा चढउताराच्या. एक ठिपका सरळ टेकडी चढतो, दुसरा वळसा घालून पायवाटेने जातो. कोण शहाणा ठरला ते पुढच्या खुणेपाशी कळते. एखादा ठिपका मध्येच थांबतो, गोल फिरतो, तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो. पोर वाट चुकले!

स्वित्झर्लंडची सिमोना एबरसोल्ड माझी लाडकी. ज्युनिअर गटात तिने कितीतरी सुवर्णपदके मिळवली आणि पुढे मोठ्यांच्या स्पर्धेतही नाव काढले. तिचे वडील याच खेळातले विश्वविजेते. बापाने लेकीच्या हाती नकाशा दिला आणि तिला जंगलात एकटी जाऊ दिली, हे मला पदकांहून मोठे वाटते.

कारण आमच्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. पुढे एक तर माध्यम बदलून मराठी शाळेत जायचे, नाही तर लांबच्या गावी. मुलगे जातात. मुलींच्या बाबतीत घरात बैठक बसते. मार्कांचा प्रश्न नसतोच, प्रश्न रस्त्याचा असतो.

मी शाळेच्या आवाराचा नकाशा पावलांनी मोजून काढला. जुन्या नारिंगी ओढणीच्या चिंध्या नळापाशी, लिंबाखाली, मागच्या भिंतीला बांधल्या आणि सातवीच्या मुलींना एकेक करून सोडले. त्याआधी कुतुबनुम्यावर किब्ला मोजायला लावला. किब्ला मगरिबला, असे सगळ्यांनी ठोकून सांगितले होते. प्रत्यक्षात आपल्या भागातून तो बरोबर पश्चिमेला नाही, सुमारे 11 अंश उत्तरेकडे झुकलेला आहे. मुली चकित झाल्या. रोजची दिशासुद्धा मोजून पाहावी लागते, हे त्यांना त्या दिवशी कळले.

एका मुलीचे वडील भेटायला आले. “टीचर, लडकी रस्ता भूली तो?”

“भूलेगी ना, भाई. आपण भुलत नाही का? भुलल्यावर काय करायचं तेच शिकवतेय.”

खेळाचा नियम मी त्यांना सांगितला. वाट चुकली की धावायचे नाही. थांबायचे. नकाशा उत्तरेला लावायचा. आजूबाजूला ओढा, रस्ता, टेकडी असे काही मोठे दिसते का पाहायचे. नाहीच जमले, तर जिथपर्यंत खात्री होती त्या ठिकाणी परत यायचे. त्यांनी मुकाट्याने ऐकले आणि चहा न घेता गेले.

त्याच मुलीने एप्रिलमध्ये घरापासून मराठी हायस्कूलपर्यंतचा नकाशा काढून घरी दाखवला. मशीद, पिठाची गिरणी, एसटी स्टँड, दोन चौक, सगळे प्रमाणात. दोन रस्ते काढले होते, जवळचा आणि गर्दीचा, आणि जाताना कोणता, संध्याकाळी कोणता, हेही लिहिले होते. वडिलांनी कागद बराच वेळ हातात धरला. मग दुसऱ्या चौकावर बोट ठेवून म्हणाले, “इथं आपल्या रफिकभाईचं गॅरेज आहे, ते राहिलं. ते पण लिही.”

जूनमध्ये ती आठवीला गेली. तिच्याबरोबरच्या दोघी नाही गेल्या. एकीच्या घरी मी स्वतः जाऊन आले, दुसरीच्या घरी अजून जायचे आहे. जाताना कोरा कागद आणि कुतुबनुमा बरोबर नेणार आहे. नकाशा तिचा तिलाच काढू दे.