नळदुर्गचं पाणी, नॉर्वेचा समुद्र

धाराशिव

चि. प्रणिता,

तुझी समुद्राची चित्रं मिळाली. मोबाइलवर मन भरेना, म्हणून प्रिंट काढून भिंतीला लावलीत.

तू लिहितेस, "मामा, टँकरच्या रांगेत वाढलेल्या मुलीने नॉर्वेत, बर्गेनला येऊन समुद्र रंगवावा, हे उसनं नाही ना वाटत?" अजिबात नाही. चित्रकार अंबादास खोब्रागडे कुठले होते? अकोल्याचे. जन्म १९२२चा. शिकले मुंबईच्या जे.जे.त. १९६३ साली दिल्लीत 'ग्रुप १८९०' या बारा कलावंतांच्या गटाचं प्रदर्शन भरलं, त्या बारा जणांत स्वामिनाथन, जेराम पटेल यांच्यासोबत तेही होते. उद्घाटन नेहरूंनी केलं. पुढे १९७२ साली ते नॉर्वेला गेले, ते तिथलेच झाले. २०१२ साली ऑस्लोत वारले.

समुद्राचे चित्रकार म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. क्षितिज नाही, होडी नाही, सगळं अमूर्त. पण त्यांचा रुंद ब्रशचा एकेक फटकारा नीट बघ. तो वळतो, दुसऱ्याच्या अंगावर जातो, मध्येच फाटतो, खालचा रंग वर काढतो. कॅनव्हासच्या कडेशीसुद्धा थांबत नाही. मला त्यात पाण्याची ओढ दिसते. आणि या अमूर्ताकडे ते नॉर्वेला जाण्याआधीच वळले होते, हे मला फार मोलाचं वाटतं; ती ओढ त्यांनी तिथून उसनी घेतली नव्हती.

आता तुझ्या चित्रांविषयी. उजेड छान पकडलास. खडक तर हाताला खरखरीत लागावा असा झालाय. पाणी मात्र फोटोतलं आहे, हलत नाही.

तू सातवीत असताना भर पावसाळ्यात आपण नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदीवरचा तो आदिलशाही बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल. नर-मादी धबधबे सुरू होते. खिडकीशी उभं राहिलं की पाणी डोळ्यांपुढून कोसळायचं, आधी पांढरं, मग गढूळ तांबूस, आणि तळाशी आपटून परत उसळायचं. घरी येऊन तू ते पाठकोऱ्या कागदावर काढलंस. रेषा वेड्यावाकड्या होत्या, पण पाणी धावत होतं. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या पेपरासाठी मी इतक्या पोरांची तयारी करून घेतली, तसं पाणी पुन्हा कुणाच्या कागदावर दिसलं नाही.

रशियाचा आयवाझोव्स्की आयुष्यभर समुद्र रंगवत राहिला, तोही स्टुडिओत बसून, आठवणीतून. धावती लाट समोर बसून उतरवता येत नाही, असं त्याचं मत होतं. मला ते पटतं.

तेव्हा पुढचं चित्र फोटो न बघता कर. किनाऱ्यावर जा, पोटभर बघ, घरी ये आणि मग रंग घे. बिघडलं तरी पाठव. मामी तुझी रोज आठवण काढते, तिला फोन कर.

तुझा,
मामा