चार लाख चाळीस हजार नऊ

नागपुरातल्या नंदनवनचा पत्ता सांगताना माणसं आधी ग्रेट नाग रोड सांगतात, मग एखादं दुकान, मग गल्ली, आणि शेवटी एका दमात पिनकोड : ४४०००९. ही एक संख्या आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र तिचा भलताच लळा लागला आहे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. सरकारी नोकरीतला हा माणूस संस्कृत कवी होता. मात्रा मोजणाऱ्यानं सगळा देश सहा अंकांत बसवावा, यात मला नवल वाटत नाही. पहिले तीन अंक नागपूरचे, पुढचे तीन टपाल कार्यालयाचे. गणिताचा हेतू त्यात कुठेच नव्हता.

आणि तरीही ४४०००९ ही अविभाज्य संख्या निघाली! वर्गमूळ ६६३च्या जरासं पुढे, म्हणजे ६६१पर्यंतच्या १२१ अविभाज्य संख्यांनी भागून पाहायचं. सातानं भागलं तर तीन उरतात, सदतिसानं पाच. ५९३ तर दारापर्यंत येऊन तीनासाठी अडतो. जीपीओचा ४४०००१ तसा नाही, त्याला तीनानं भाग जातो. या दोघांच्या मधेही अविभाज्य असं एकही नाही. दोनच पावलं पुढे गेलं की ४४००११चे मात्र चार तुकडे : ११, १३, १७ आणि १८१. शेजाऱ्यांच्या स्वभावात एवढं अंतर. हे गुण टपाल खात्यानं दिलेले नाहीत. नंदनवन वसण्याच्याही आधीपासून ते तिथेच होते.

चारानं भागल्यावर एक उरणारी प्रत्येक अविभाज्य संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच रीतीनं. फर्मानं हे २५ डिसेंबर १६४०ला मर्सेनला कळवलं, तेही पत्रानंच. सिद्धता पुढे शतकभरानं ऑयलरनं दिली. आपल्या आकड्याची जोडी ६०५ आणि २७२. ग्रेट नाग रोडनं ६०५ मीटर चाला, काटकोनात वळून गल्लीत २७२ मीटर जा. निघालात तिथपासूनचं सरळ अंतर मोजून त्याचा वर्ग करा. पिनकोड हातात.

देवळालीच्या शाळेतले दत्तात्रय कापरेकर (१९०५–१९८६) हा आकडा पाहून स्वस्थ बसले नसते. त्यांची रीत अशी : अंक उतरत्या क्रमानं मांडायचे, त्यातून चढता क्रम वजा करायचा, उत्तरावर पुन्हा तेच. सगळे अंक सारखे नसले की चार अंकी संख्या अशानं ६१७४ला जाऊन थांबते. सहा अंकांचा कारभार जास्त गुंतागुंतीचा. ९४४००० वजा ०००४४९ म्हणजे ९४३५५१; असं करत सातव्या वजाबाकीला ४२०८७६ येतो. पुढे ८५१७४२, ७५०८४३ अशी वळणं घेत आणखी सात वजाबाक्यांनी पुन्हा ४२०८७६. फेरी संपतच नाही. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे ठाण मांडून बसलेले दोन आकडे आहेत, पण नंदनवनची वाट त्यांच्याकडे जात नाही.