शकुंतलेची शिटी

अंजनगावात आमचं घर शकुंतलेच्या रुळाजवळ. १९९४ पर्यंत तिला वाफेचंच इंजिन होतं. लांबून शिटी वाजली की आम्ही पोट्टे रुळाकडे पळायचो.

काकाचा पोट्टा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. आजी म्हणे, "त्याचा बापई तिसऱ्या वर्सी बोलला. आयकू येते त्याले. गाडी आली का पायते ना!"

पाहायचा, हे खरं. पण काकूनं एक हेरलं होतं. शिटीला तो हलत नसे. गाडी जवळ येऊन जमीन थरथरली की मगच मान वर करी. तिनं त्याच्या पाठीमागं थाळी बडवली. काई नाई.

"कापसाचा वेचा झाला का जाऊ," म्हणत काकानं वर्ष घालवलं. शेवटी काकू एकटीच लेकराला घेऊन त्याच गाडीनं मूर्तिजापूरला, तिथून अकोल्याला गेली. दोन्ही कानांनी जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं.

"डॉक्टर म्हणे, आंधी काहून नाई आणलं?" तिनं घरी येऊन एवढंच सांगितलं.

आजी गप्प. पुढं घरात लेकरू झालं की मात्र ती पाळण्यामागं उभी राहून थाळी वाजवी, अन् ते दचकलं का हे वाकून पाही.